राजीचा त्रिशूळ

आपल्या धाराशिव जिल्ह्यात लग्नकार्य पार पडले की भवानीचा गोंधळ घालण्याची चाल अनेक कुटुंबांत आहे. रात्री चौक मांडला जातो, दिवटी पेटते, संबळ घुमू लागतो आणि तुणतुण्याच्या साथीवर गोंधळी एकेका देवतेला तिच्या गावाचे नाव घेऊन बोलावतो. त्यांत तुळजापूरच्या भवानीचा मान मोठा. तेथील मूर्ती अष्टभुजा असून देवीचा त्रिशूळ महिषासुराच्या देहात रुतलेला आहे.

ही देवी आता एका निराळ्याच ठिकाणीही भेटते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० साली ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा व्हिडिओ गेम प्रसिद्ध केला. कसरतीचे खेळ करणारी राजी नावाची एक मुलगी, तिचा धाकटा भाऊ गोलू आणि त्याला पळवून नेणारे राक्षस, एवढेच त्याचे कथानक. भावाच्या शोधार्थ निघालेल्या राजीला दुर्गा आपला त्रिशूळ देते. पुढची हकिगत दुर्गा आणि विष्णू एकमेकांशी बोलत बोलत आपणांस सांगतात.

यात एक मोठी मौज आहे. कथेचा धागा जेथे पुढे न्यावयाचा, तेथे पडद्यावर सावल्यांच्या बाहुल्या हलू लागतात. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी गावचे ठाकर कलावंत चामड्याच्या बाहुल्या दिव्यासमोर नाचवून रामायण दाखवितात, ते ज्यांनी पाहिले असेल त्यांना ही रीत लगेच ओळखू येईल. समुद्रापलीकडील जावा बेटावरही असाच खेळ होतो. त्यास ‘वायांग कुलित’ म्हणतात. तेथे ‘दालांग’ नावाचा एकच सूत्रधार रात्रभर सर्व पात्रांचे आवाज काढतो. कथा महाभारताची, परंतु पांडवांचा सेवक सेमार हा अस्सल जावाचा! आपल्या व्यासांनी त्याचे नावही ऐकलेले नव्हते. तेव्हा पुण्याच्या कलावंतांनी जुन्या कथांत नवी राजी आणली, याबद्दल त्यांना दोष देता येणार नाही.

मात्र एक गोष्ट मनाला लागते. गोंधळ्याच्या प्रत्येक देवतेला गाव आहे. राजीच्या देवीला ते नाही. खेळातील वाडे राजस्थानच्या धर्तीचे, रंगकाम हिमालयाच्या पायथ्याच्या पहाडी चित्रशैलीचे आणि दंतकथांत बाली बेटाचाही अंश मिसळलेला. दृश्य अत्यंत देखणे आहे, यात शंका नाही. पण ही नगरी नकाशावर कोठेही सापडावयाची नाही. शिवाय येथे त्रिशूळ खेळणाऱ्याच्याच हाती असतो. राजी पडली, तर थोडे मागून पुन्हा आरंभ करावयाचा. अशा घाईत हे शस्त्र कोणाचे, याचा विसर पडण्यास कितीसा वेळ लागणार?

खेळ रचणाऱ्यांना याची जाणीव असावी. कारण वाटेत भिंतींवर देवादिकांच्या कथांची चित्रे आहेत. राजी त्यांच्यापुढे थांबली की लढाई बाजूला राहते आणि चित्रातील कथा ऐकू येते. न थांबता धावत पुढे जाण्याचीही मोकळीक आहे. तुळजापूरच्या मुलाने त्या भिंती ओलांडल्या तरी त्रिशूळ कोणाचा हे त्याला ठाऊक असते. दूर जपानात वा इंग्लंडात बसून हाच खेळ खेळणाऱ्या मुलाला मात्र देवीची ओळख करून देणारे तेथे त्या भिंतींवाचून दुसरे फारसे काही नाही.