धरणाखालचे मासे

आमचे घर भीमा नदीच्या काठी आहे. उजनी धरण आमच्या गावाच्या वरच्या अंगाला आहे. माझे वडील मासे धरतात. त्यांना आम्ही आप्पा म्हणतो. गुरुजी म्हणाले, "पुस्तकातले नको, तुला जे येते ते लिही." म्हणून मी धरणाखालच्या माशांची माहिती लिहीत आहे.

उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याला ४१ दरवाजे आहेत. भिंतीच्या वरच्या बाजूला जे पाणी साठते त्याला यशवंतसागर म्हणतात. ते सोलापूर, पुणे व अहिल्यानगर अशा तीन जिल्ह्यांत पसरले आहे. वरच्या पाण्यात लोक होडीतून मासे धरतात. पण आम्ही भिंतीच्या खालच्या अंगाला नदीत मासे धरतो.

धरणाखाली मासे का जमतात?

याची तीन कारणे आहेत.

१) पावसाळ्यात नदीला नवे पाणी आले की मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाच्या उलट वर जातात. पुढे भिंत लागते. माशाला भिंत चढता येत नाही. मग ते खालीच थांबतात.

२) दरवाजातून पाणी जोरात पडते तेव्हा त्यात हवा मिसळते. माशांना श्वास घ्यायला ही हवाच लागते. ते ती कल्ल्यांनी घेतात.

३) पाण्याबरोबर वरचे लहान मासे व किडे खाली येतात. मोठ्या माशांना आयतेच जेवण मिळते. मोठा मासा धारेत उभा राहत नाही. तो खडकाच्या आडोशाला संथ पाण्यात थांबतो आणि खाणे आले की झडप घालतो. म्हणून आप्पा म्हणतात, "गळ धारंत टाकू नको, खडकाच्या मागं टाक."

गुरुजींनी सांगितले की अमेरिकेतसुद्धा असेच होते. तिकडे वॉलआय आणि सॉगर नावाचे मासे आहेत. ते थंडी सरताना अंडी घालायला नदीतून वर जातात आणि धरणाखाली अडतात. तेथे लोक गळ घेऊन बसतात. त्या माशांचे डोळे अंधारात मांजरासारखे चमकतात. अमेरिकेत कोलंबिया नदीवर बॉनेव्हिल नावाचे धरण आहे. तेथे माशांना वर जाण्यासाठी पायऱ्यापायऱ्यांची शिडी बांधलेली आहे. मला हे ऐकून फार नवल वाटले. आमच्याकडे मी अशी शिडी पाहिलेली नाही.

आमच्या नदीतले मासे

कटला – डोके मोठे असते. वरच्या पाण्यात खातो.
रोहू – मधल्या पाण्यात राहतो. कणकेचा गोळा लावला की गळाला लागतो.
मृगळ – तळाशी चरतो.

हे तीन मासे मूळचे गंगा नदीकडचे आहेत. त्यांचे बीज आणून आपल्याकडच्या धरणांत सोडले.

मरळ – सापासारखे डोके. हा मधून मधून वर येऊन तोंडाने हवा घेतो. म्हणून थोड्या पाण्यातही जगतो.
शिंगटा – याला मिशा असतात. याचा काटा लागला तर हात फार ठणकतो. धरताना जपावे.
वाम – लांब व निसरडी. दगडाच्या कपारीत लपते. गांडूळ खाते.
चिलापी – ही मूळची आफ्रिकेतली. आई आपली अंडी तोंडात सांभाळते. पिल्ले झाली तरी भीती वाटली की ती आईच्या तोंडात शिरतात.

आप्पा अंडी असलेली मादी सापडली तर परत सोडतात. पोट फुगलेले असते त्यावरून कळते. एका रोहूच्या पोटात लाखो अंडी असतात. एक मासा सोडला तर पुढे किती मासे होतील ते तुम्हीच सांगा.

पाणी किती येते?

नदीत सोडलेले पाणी क्युसेकमध्ये मोजतात. एका सेकंदात एक घनफूट पाणी गेले की तो एक क्युसेक. एक घनफूट म्हणजे सुमारे २८ लिटर, म्हणजे मोठ्या दोन बादल्या. समजा २० हजार क्युसेक पाणी सोडले. तर एका सेकंदात ५ लाख ६० हजार लिटर पाणी जाते. १० हजार लिटरचे ५६ टँकर एका सेकंदात! हे गणित मी गुरुजींना दाखवले आहे. ते बरोबर आहे.

माझी चूक

आता मी माझी गोष्ट सांगतो. मी तिसरीत होतो. श्रावण महिना होता व त्या दिवशी रविवार होता. मी आप्पांबरोबर नदीवर गेलो. भिंतीजवळ जायला मनाई आहे, म्हणून आम्ही बरेच खाली एका खडकावर बसलो होतो. खडक आणि काठ यांच्यामध्ये घोट्याएवढे पाणी होते. मला तीन चिलाप्या मिळाल्या होत्या. त्या मी डब्यात ठेवल्या.

तेवढ्यात भोंगा वाजला. भोंगा वाजला म्हणजे पाणी सुटणार. आप्पांनी जाळे गोळा करून खांद्यावर टाकले आणि म्हणाले, "चल." आम्ही काठावर आलो. मग मला आठवले की डबा खडकावरच राहिला. पाणी तर जसेच्या तसे होते. मला वाटले, अजून वेळ आहे. मी न विचारता पळत गेलो.

डबा हातात घेतला तर नदीचा आवाज वेगळाच यायला लागला. पाणी गढूळ झाले. काटक्या, पालापाचोळा वाहत येऊ लागला. मी पाण्यात पाय टाकला तर पाणी गुडघ्याच्या वर. माझे पाय ठरेनात. मी "आप्पा!" म्हणून ओरडलो.

आप्पा जाळ्यासकट पाण्यात आले. त्यांच्या कमरेपर्यंत पाणी होते. जाळे ओले होऊन त्यांना मागे ओढू लागले. त्यांनी जाळे सोडून दिले आणि दोन्ही हातांनी मला धरले. काठावर येऊन मी मागे पाहिले तर आमचा खडक दिसत नव्हता. डबाही गेला आणि जाळेही गेले.

ते जाळे आप्पांनी सगळा हिवाळा रात्री बसून विणले होते. मला वाटले आप्पा मारतील. पण ते काही बोलले नाहीत. घरी येऊन ते नुसते बसून राहिले. त्यांचे हात कापत होते. मी आज्जीला म्हणालो, "माझ्यामुळं जाळं गेलं." आज्जी म्हणाली, "जाळं परत इनता येतंय लेकरा. तुला कुठनं इनून आणायचं?"

पुढे दोन महिने आप्पा दुसऱ्याच्या रानात मजुरीला गेले. आता त्यांनी नवे जाळे विणले आहे. मी रोज संध्याकाळी त्यांना सुईत दोरा भरून देत होतो. थोडे विणायलाही शिकलो आहे.

भोंगा वाजला तरी पाणी लगेच दिसत नाही. धरणापासून आपल्यापर्यंत यायला त्याला वेळ लागतो. म्हणून माणूस फसतो. मीही तसाच फसलो.

म्हणून मुलांनो, आणि आमच्या शाळेत आलेल्या पालकांनो, हे लक्षात ठेवा:

१) भोंगा वाजला किंवा गावात दवंडी झाली की लगेच नदीतून वर या.
२) गळ, डबा, चप्पल, कपडे काही राहिले तरी परत जाऊ नका.
३) पाणी गढूळ झाले, काटक्या वाहू लागल्या, तर भोंग्याची वाट पाहू नका.
४) नदीमधल्या खडकावर लहान मुलांनी एकट्याने बसू नये.
५) जनावरे धुवायला आणि कपडे धुवायला जाणाऱ्यांनाही हे सांगा.

मासा आज नाही मिळाला तर उद्या मिळतो.

स्वाध्याय
१) धरणाखाली मासे जमण्याची तीन कारणे सांगा.
२) ४० हजार क्युसेक पाणी सोडले तर एका सेकंदात किती लिटर पाणी जाईल?
३) तुमच्या घरचे कोण नदीवर जाते? त्यांना वरचे पाच नियम आज वाचून दाखवा.

– इयत्ता चौथी