लोंबणारी तुती सरळ का वाढू लागते?

तुती म्हटली की रेशमाचे किडे आठवतात. पांढऱ्या तुतीचा पाला हे त्यांचे खाद्य. याच तुतीचा एक शोभेचा प्रकार युरोप-अमेरिकेतील बागांत लावतात. त्याच्या फांद्या वर न जाता छत्रीसारख्या चोहोबाजूंनी खाली लोंबतात. म्हणून त्याला ‘पेंड्युला’ म्हणतात. लॅटिन भाषेत ‘पेंड्युलस’ म्हणजे लोंबणारा. घड्याळाच्या लंबकाचे ‘पेंड्युलम’ हे नावही त्यावरूनच आले.

आता सांगा पाहू, ज्या झाडाच्या फांद्या खालीच वळतात, त्याला माणसाएवढे उंच, सरळ खोड मिळाले कसे?

ते खोड बहुधा दुसऱ्या झाडाचे असते! माळी साध्या तुतीचे रोप सरळ वाढवतो, सुमारे दीड-दोन मीटरवर छाटतो आणि तेथे लोंबणाऱ्या तुतीचे कलम बांधतो. खालचा भाग म्हणजे खुंट. जोड एकजीव झाला की मुळांनी शोषलेले पाणी वर जाते आणि पानांत तयार झालेले अन्न खाली येते. मात्र दोन्ही भागांच्या पेशी आपापले आनुवंशिक गुण सोडत नाहीत. खुंट सरळ वाढणाऱ्या तुतीचाच राहतो.

म्हणूनच काही वर्षांनी एखाद्या वसंतात खोडातून जोमदार, सरळ फुटवा निघतो. झाडाने जोर धरला, असे वाटून मालक खूश होतो. हा आनंद महागात पडतो. तो फुटवा खुंटाचा असेल, तर मुळांकडून येणारे पाणी व क्षार तो आपल्याकडे ओढतो आणि वर जाऊन छत्रीवर सावली धरतो. लोंबत्या फांद्या हळूहळू दुबळ्या होतात. दुर्लक्ष झाले तर त्या मरतात आणि मागे उरते ती साधी तुती.

हा फुटवा ओळखायचा कसा? पानांवरून? ते जमणार नाही. खुंट आणि कलम दोन्ही पांढऱ्या तुतीचेच. शिवाय तुतीच्या एकाच झाडावर अखंड पाने असतात आणि खोल खाचांचीही. मग वाढीच्या दिशेवरून? तेथेही घाई नको. लोंबणाऱ्या तुतीचे कोवळे फुटवेसुद्धा आधी थोडे वर जाऊन मग वळतात. खात्रीचा पुरावा एकच: फुटवा कोठून निघाला ते पाहणे. खोडाच्या माथ्यालगत कलमाचा जोड फुगीर गाठीसारखा दिसतो. फुटवा त्याच्या खालून निघाला असेल तर तो खुंटाचा. वरून निघाला असेल तर त्याला राहू द्यावे.

खुंटाचा फुटवा कोवळा असतानाच बुडापासून उपटावा. नुसता शेंडा छाटला तर खालच्या डोळ्यांतून आणखी फुटवे येतात. फुटवा जून झाला असेल, तर हिवाळ्यात पानगळीनंतर धारदार कात्रीने बुडाशी कापावा. वाढीच्या दिवसांत कापल्यास जखमेतून पांढरा चीक वाहतो. तो फार जाड होण्याची वाट मात्र पाहू नये, कारण तुतीच्या मोठ्या जखमा लवकर भरून येत नाहीत.

आपल्याकडे लोंबणारी तुती नसली तरी हा पाठ गिरवता येईल. अंगणातल्या कलमी गुलाबापाशी जा आणि डोळा भरलेली जागा शोधा. तिच्या खालून एखादी फांदी आली आहे का? तिची पाने वरच्या पानांशी ताडून पाहा. गुलाबात बहुतेक वेळा पाने चुगली करतात. कलमी आंब्यात मात्र तुतीप्रमाणे जोडच शोधावा लागेल.