अलास्कात देवमासे पाहायचे, तर जहाज कोणते?

प्रश्न : निवृत्तीनंतर आम्ही दोघे अलास्काला जाणार आहोत. देवमासे आणि अस्वले पाहायची आहेत. छोट्या जहाजासाठी जास्त पैसे मोजावेत का? महिना कोणता निवडावा?

उत्तर : प्राणी पाहणे हाच हेतू असेल, तर जरूर मोजा. हजारो प्रवाशांच्या जहाजाला बंदरांचे वेळापत्रक पाळावे लागते. छोट्या जहाजाचा कप्तान फ्रेडरिक साउंडच्या पाण्यात हंपबॅक देवमासे दिसले, तर तिथेच थांबू शकतो.

जुलै-ऑगस्ट निवडा. हिवाळ्यात हवाईकडे गेलेले हंपबॅक तेव्हा इथे पोट भरत असतात. काही वेळा ते मिळून शिकार करतात. एक जण खालून गोल फिरत बुडबुड्यांचे कडे उभारतो, हेरिंग माशांचा थवा आत कोंडला जातो आणि सगळे जबडे वासून एकदम वर उसळतात. हे पाहायचे, तर पाण्याकडे टक लावण्याआधी सीगल कुठे घिरट्या घालताहेत ते बघा. याच दिवसांत साल्मन ओढ्यांत चढतात, त्यामुळे अ‍ॅडमिरल्टी बेटावर तपकिरी अस्वले किनाऱ्याशी येतात.

हंपबॅकपासून 100 यार्ड, म्हणजे सुमारे 91 मीटर अंतर कायद्यानेच राखावे लागते, आणि ते योग्यच आहे. म्हणून दोघांसाठी दोन दुर्बिणी न्या, 8×42 पुरे. रेनकोट हवाच. बेटांच्या आडोशामुळे बोट फारशी लागत नाही. मात्र किनाऱ्यावर जाताना रबरी बोटीत चढ-उतार करावी लागते. गुडघे दुखत असतील, तर आरक्षणाआधीच कंपनीला स्पष्ट विचारा.