बॅलन्स शाफ्टच्या कामानंतर इंजिन का थरथरते?

इंजिनाचे बेल्ट बदलले, सर्व खुणा जुळविल्या, इंजिन पहिल्याच झटक्यात सुरूही झाले. परंतु गाडी रस्त्यावर येताच पूर्वी कधी नसलेली थरथर स्टिअरिंगमध्ये व पायाखाली जाणवू लागली. बॅलन्स शाफ्ट असलेल्या गाड्यांच्या बाबतीत ही तक्रार नेहमीची आहे. "नवा बेल्ट आहे, बसेल हळूहळू" असे सांगून ग्राहकाची बोळवण केली जाते, किंवा चांगली असलेली इंजिन माउंटिंग बदलून त्याच्या खिशाला कात्री लावली जाते. मोटर मेकॅनिकचा अभ्यासक्रम करणाऱ्या तरुणांनी या दुखण्याचे मूळ नीट समजून घ्यावयास हवे.

चार सिलिंडरच्या सरळ रांगेतील इंजिनात दोन पिस्टन वर जातात तेव्हा दोन खाली येतात. मग तोल साधलाच, असे कोणासही वाटेल. प्रत्यक्षात तसे होत नाही. उदाहरणादाखल मित्सुबिशी कंपनीचे ४जी६३ हे दोन लिटरचे इंजिन घेऊ. त्यात पिस्टनची धाव ८८ मि.मी. व कनेक्टिंग रॉडची लांबी १५० मि.मी. आहे. क्रँकशाफ्ट वरच्या टोकापासून पाव फेरा फिरला की पिस्टन निम्मे म्हणजे ४४ मि.मी. नव्हे, तर ५० मि.मी.हून थोडे अधिक खाली आलेले असते. उरलेले सुमारे ३७ मि.मी. ते पुढच्या पाव फेऱ्यात जाते. वरच्या अर्ध्या धावेत गती अधिक, खालच्या अर्ध्या धावेत कमी. त्यामुळे चारही पिस्टनांचा थोडा थोडा जोर शिल्लक राहतो व तो दर फेऱ्यास दोनदा इंजिनाला वर-खाली हलवितो. इंजिनाची गती दुप्पट झाली की हा जोर चौपट होतो.

यावर इंग्लंडमधील अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर याने विसाव्या शतकाच्या प्रारंभीच उपाय सुचविला होता. एका बाजूस वजन असलेले दोन शाफ्ट क्रँकशाफ्टच्या दुप्पट गतीने, परस्परविरुद्ध दिशांनी फिरवावयाचे. त्यांचे आडवे जोर एकमेकांस मारतात व उभे जोर पिस्टनांच्या जोरास मारतात. मित्सुबिशीने १९७५ मध्ये ही कल्पना 'सायलेंट शाफ्ट' या नावाने बाजारात आणली. पुढे पोर्शसारख्या नामांकित कंपनीनेही आपल्या ९४४ या गाडीसाठी तिचा परवाना मित्सुबिशीकडूनच घेतला!

आता बिघाडाकडे वळू. एक शाफ्ट अगदी उलट बाजूस बसला तर काय होईल? दोन्ही शाफ्टचे उभे जोर एकमेकांतच जिरतात, म्हणजे पिस्टनांचा जोर जसाच्या तसा राहतो. शिवाय आडवे जोर एकत्र येऊन तेवढाच नवा हादरा बाजूने बसतो. दोन्ही शाफ्ट उलटे बसले तर मूळ हादरा दुप्पट होतो. अशा इंजिनापेक्षा शाफ्टच नसलेले इंजिन बरे म्हणावयाचे.

आणि खुणा जुळूनही असे घडू शकते, हीच यातील खरी मेख आहे. ४जी६३ मध्ये एक शाफ्ट ऑइल पंपाच्या गिअरमधून फिरतो. पंपाच्या चाकावरील खूण प्रत्येक फेऱ्यास जागेवर येते, पण शाफ्टचे वजन दर वेळी योग्य बाजूस असतेच असे नाही. तेरीज जुळली तरी रक्कम भलत्याच खात्यात पडलेली असावी, तसा हा प्रकार आहे. म्हणून कंपनीनेच ब्लॉकच्या बाजूस एक प्लग ठेवला आहे. तो काढून ८ मि.मी. जाडीचा स्क्रूड्रायव्हर आत घालावा. ६० मि.मी. किंवा अधिक आत गेला तर शाफ्ट बरोबर आहे. २०-२५ मि.मी.वरच अडला तर पंपाचे चाक एक पूर्ण फेरा फिरवून खूण पुन्हा जुळवावी व स्क्रूड्रायव्हर परत घालून पाहावा. बेल्ट चढेपर्यंत तो तेथेच राहू द्यावा. मात्र क्रँकशाफ्ट फिरविण्यापूर्वी आठवणीने काढून प्लग बसवावा.

इंजिन उघडण्यापूर्वी एक साधी परीक्षा करावी. गाडी उभी ठेवून, न्यूट्रलमध्ये इंजिनाची गती सावकाश वाढवावी. गाडी उभी असता थरथर होतच नसेल व रस्त्यावर वेगाबरोबर वाढत असेल, तर चाकांकडे पाहावे. मंद गतीलाच इंजिन अडखळत हलत असेल, तर एखादा सिलिंडर नीट पेटत नसण्याची शक्यता अधिक. गती वाढेल तशी बारीक, झणझणणारी थरथर वाढत गेली आणि ती बेल्टच्या कामानंतरच सुरू झाली असेल, तर प्रथम शाफ्टवरच संशय घ्यावा.

काहीजण या कटकटीला कंटाळून शाफ्टच काढून टाकतात. त्यामागे एक रास्त भीतीही आहे: शाफ्टचा छोटा बेल्ट तुटून टायमिंग बेल्टमध्ये अडकला तर टायमिंग चुकते व व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात. परंतु शाफ्ट काढल्यावर त्यांच्या बेअरिंगकडे जाणारी तेलाची छिद्रे बंद करावी लागतात, नाहीतर तेलाचा दाब उतरतो. कंपन्यांनी बसविलेली सोय अशी काढून टाकण्यापेक्षा दोन्ही बेल्ट एकाच वेळी बदलणे हेच आम्हांस शहाणपणाचे वाटते. छोटा बेल्ट बोटाने दाबल्यावर ५ ते ७ मि.मी. दबला पाहिजे, त्याहून ताठ ठेवल्यास तो गुणगुणू लागतो, आणि मग ग्राहक वेगळी तक्रार घेऊन पुन्हा दारात उभा राहतो.