ज्वालारोधक वस्त्र : सामर्थ्य आणि मर्यादा

६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी ८ वाजून १५ मिनिटांनी जपानमधील हिरोशिमा शहरावर, जमिनीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर अणुबॉम्बचा स्फोट झाला. त्याखालील जमिनीचे तापमान क्षणार्धात ३००० ते ४००० अंश सेल्सिअस झाले. या स्फोटातून वाचलेल्या एका स्त्रीच्या छायाचित्रात तिच्या किमोनोची नक्षी पाठीवर भाजून उमटलेली दिसते. किमोनो हा जपानी पोशाख होय. त्याच्या गडद भागाने उष्णता शोषली व त्याखालची त्वचा भाजली. फिकट भागाने बरीचशी उष्णता परावर्तित केली.

अणुस्फोटाची उष्णता प्रकाशाच्याच वेगाने येते. ज्योतीचा स्पर्श न होताही वस्त्र तापते. अशा वेळी ज्वालारोधक वस्त्र काय करू शकते?

सुती कापड अतिशय तापले की त्यातून ज्वलनशील वायू निघतात व तेच पेट घेतात. स्फुरदयुक्त रसायनांची प्रक्रिया केलेल्या सुती कापडातून असे वायू कमी निघतात. त्याऐवजी कोळशासारखा थर तयार होतो. त्यामुळे उष्णतेचा झोत सरल्यावर कापड स्वतः जळत राहत नाही. हा लाभ लहान नाही, कारण अंगावरचे वस्त्र पेटते राहिल्यास जखम अधिक खोल होते. साधे पॉलिस्टर कापड मात्र सुमारे २६० अंशांना वितळून त्वचेला चिकटते.

तथापि, ज्वालारोधक वस्त्र पूर्णतः उष्णतारोधक नसते. कापड न पेटताही उष्णता त्यातून त्वचेपर्यंत पोहोचते. वस्त्र अंगाला घट्ट बसलेले असेल, तर ती लवकर पोहोचते. सैल वस्त्र, अनेक थर, त्यांमधील हवा आणि फिकट रंग यांमुळे ती काही प्रमाणात रोखली जाते.

अग्निशामक दलाच्या जवानाला असे वस्त्र जीवदान देऊ शकते. अणुस्फोटाच्या निकट असलेल्या माणसाला ते वाचवू शकत नाही. दाबलहर आणि किरणोत्सार यांपासून तर ते मुळीच रक्षण करत नाही. म्हणून असे अस्त्र पुन्हा कधीही वापरले न जाणे, हेच माणसाचे खरे संरक्षण आहे.

पाठगत प्रश्न
१. किमोनोची नक्षी त्वचेवर का उमटली?
२. ‘ज्वालारोधक’ आणि ‘उष्णतारोधक’ यांतील फरक स्पष्ट करा.