कलम भरण्याआधी: काडी कोणाची, हक्क कोणाचा?

🍇 *सभासदांसाठी सल्ला*



रूटस्टॉकवर कलम भरायचे दिवस जवळ आलेत. गेल्या आठवड्यात एका सभासदांचा फोन आला, "सर, पाहुण्यांच्या बागेत नवीन रंगीत व्हरायटी आहे. काड्या फुकट देतायत, भरू का?" असे फोन बरेच येतात, म्हणून सगळ्यांसाठी लिहितो.

*१) आधी विचारा, वाण कोणाचा?*
थॉमसन, सोनाका, शरद सीडलेस यांच्या काड्या आपण वर्षानुवर्षे देतो-घेतो. त्यात अडचण नाही. पण परदेशातून आलेले काही नवीन वाण करारावरच मिळतात. पाहुण्यांनी करारावर सही केली असेल आणि त्यात काडी बाहेर देऊ नये अशी अट असेल, तर तुमच्यामुळे ते गोत्यात येतील. तुमचाही माल निर्यातीला देताना वाणाची चौकशी होऊ शकते. वेल उभा करायला दोन वर्षं जातात. तेव्हा उपटायची वेळ नको.

*२) कायदा आपल्या बाजूनेही आहे*
'पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१' नुसार नोंदणीकृत वाणाचंही घरचं बी ठेवता, पेरता, देता-घेता, विकता येतं. कांद्याचे डोंगळे लावून बी धरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. फक्त नोंदणीकृत वाणाचं बी पाकिटात भरून, नाव-लेबल लावून ब्रँड म्हणून विकू नका.

२०१९ साली गुजरातमध्ये बटाट्याच्या नोंदणीकृत वाणावरून पेप्सिकोने शेतकऱ्यांवर दावे टाकले होते. काहींकडे एक कोटीच्या वर भरपाई मागितली. देशभर विरोध झाला आणि कंपनीने दावे मागे घेतले. पण कोर्टाची नोटीस आली की झोप उडतेच. म्हणून कागद आधी बघा.

*३) तुमच्या बागेत वेगळी काडी दिसली तर?*
सोनाका आणि शरद सीडलेस हे वाण सोलापूर जिल्ह्यातल्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी निवडले. तेव्हा हा कायदा नव्हता. आज शेतकऱ्याला स्वतःच्या वाणाची नोंदणी करता येते आणि त्याला फी नाही. वेल व झाडांना १८ वर्षं, इतर पिकांना १५ वर्षं संरक्षण मिळतं. प्राधिकरणाचं शाखा कार्यालय पुण्यात आहे.

✅ *एवढं करा*
• वेगळ्या वेलीला रिबीन बांधा, तारखेसह फोटो काढा.
• छाटणी, घड, मणी, साखर यांची वहीत नोंद ठेवा.
• नोंदणीचं विचारल्याशिवाय काडी कोणाला देऊ नका.
• कोणत्याही वाणाच्या करारावर सही करण्याआधी त्याचा फोटो ऑफिसला पाठवा.

काडी फुकट मिळाली तरी कलम भरण्याआधी एक फोन करा.

आपला,
कृषी सल्लागार