मुळशीच्या पाण्याचा नकाशा



उपग्रहाच्या चित्रात पाणी ओळखले जाते ते त्याच्या काळेपणावरून. पाणी थोडासा हिरवा प्रकाश परत पाठवते, पण डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश जवळजवळ सगळा गिळते. झाडझाडोरा मात्र तोच प्रकाश भरभरून परतवतो. या फरकावर संशोधक मॅकफीटर्स यांनी १९९६ साली एनडीडब्ल्यूआय हा निर्देशांक मांडला: हिरव्यातून अवरक्त वजा करायचे आणि दोन्हींच्या बेरजेने भागायचे. उत्तर शून्याच्या वर गेले की बहुधा पाणी. मुळशी तालुक्यातल्या पिरंगुटच्या कारखान्यांची छपरेही त्यात पाणी म्हणून घुसतात. ती गाळण्यासाठी २००६ साली आलेला सुधारित निर्देशांक लघुलहरी अवरक्त पट्ट्याचा आधार घेतो.

सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका १० मीटरचा, म्हणजे १०० चौरस मीटर, जवळपास एक गुंठा. सातबारा वाचणाऱ्याला हे माप लगेच उमगते. ३० बाय ३० मीटरच्या शेततळ्यात असे नऊ ठिपके बसतात, पण काठावरचे ठिपके अर्धे पाणी, अर्धी माती. खात्रीचे अनेकदा चारच उरतात. लँडसॅट उपग्रहाच्या ३० मीटरच्या ठिपक्यात असले तळे निसटलेच समजावे.

मुळशीत खरी कसोटी डोंगरांची. हे उपग्रह सकाळी साडेदहाच्या आसपास वरून जातात. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, ताम्हिणी घाटाकडच्या कड्यांच्या सावल्या वायव्येला लांब पडतात आणि निर्देशांक त्यांनाही पाणी ठरवतो. म्हणून उंचीच्या आकडेवारीवरून उतार काढावा आणि तीव्र चढावरचे ठिपके वगळावेत. पावसाळ्यात ढग हटत नाहीत. हटले, तर भातखाचरे तुडुंब भरलेली. चिखलणी झालेले खाचर त्या दिवशी खरोखरच पाणी असते, पण ते तळे नव्हे. ढगांच्या आरपार पाहणारा सेंटिनेल-१ चा रडार अशा वेळी कामाला येतो, कारण संथ पाणी त्याची लहर दुसरीकडे परावर्तित करते आणि काळे उमटते. वारा सुटला की तेच पाणी उजळते, हेही ध्यानात ठेवावे.

यामुळे एकाच तारखेच्या चित्रावरून तळे ठरवू नये. ऑक्टोबरअखेर, फेब्रुवारी आणि मे अशी निदान तीन चित्रे शेजारी ठेवावीत. तिन्हींत टिकले ते बारमाही, मे महिन्यात गेले ते हंगामी. मुळशी धरणाच्या जलाशयाचे दऱ्यांत शिरलेले फाटे याच तुलनेत आक्रसताना दिसतात.

काही गोष्टी मात्र चित्रात कधीच येत नाहीत. लँडसॅटची मालिका १९७२ पासूनची. टाटांच्या या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ साली सुरू झालेला सत्याग्रह आणि बुडालेली गावे तिच्या कितीतरी आधीची. त्यांच्यासाठी जुने भूमापन नकाशेच उघडावे लागतात. पूर्वेला वाहणाऱ्या मुळा नदीचे हे पाणी बोगद्यातून सह्याद्रीपलीकडे भिऱ्याच्या वीजघरात उतरते, याचीही वरून खूण दिसत नाही. क्षेत्रफळ कळते, खोली नाही.

शंकेचे ठिपके शेवटी काठावर जाऊन, गावकऱ्यांना विचारून तपासावेत, आणि नकाशाच्या कोपऱ्यात चित्राची तारीख लिहावी.

— मामा